वाकडा बगळा

केलर्स फोर्ड गावात मिल्ट आणि व्हर्ना हुडाककडे जेवायला गेलेल्या माणसाला आधी गॅरेजमधली हत्यारपेटी बघावी लागे, मग ताट मिळे. पेटी पत्र्याची, सात खणांची, बाटलीसारख्या गडद हिरव्या रंगाची. दर्शनी बाजूला सोनेरी बगळा, एका पायावर उभा. ग्रेबिल कंपनीची ही बगळा छाप. कंपनी गावातलीच, नदीकाठची, आणि व्हर्ना तिथल्या छापखात्यात, पेट्यांवर बगळे चिकटवायच्या कामावर होती. कारखान्याला टाळं लागेपर्यंत तिथून बाहेर पडलेल्या कितीतरी बगळ्यांना तिचा हात लागला होता.

"नीट बघा," मिल्ट पाहुण्याला सांगे, "बगळा जरासा डावीकडे कललाय की नाही? विचारा हिला, का ते."

"शिंक आली असेल मला," व्हर्ना स्वयंपाकघराच्या दारातून ओरडे.

"शिंक म्हणे! मी गेटवर उभा होतो, हिला न्यायला आलेलो. हिनं खिडकीतून मला बघितलं आणि हात हलला. अख्ख्या ग्रेबिलमध्ये हिच्या हातून वाकडा गेलेला हा एकच बगळा. आणि तो मी हुडकून विकत घेतला."

"तुला बघून हात हलायला तू एवढा कोण लागून गेलास?"

मग सगळे हसत आणि जेवायला बसत. गोष्ट अशी दरवर्षी, दर पाहुण्याला. व्हर्ना तोंडाने उडवून लावायची, पण मनातून तिला ती पुरती पटली होती. आपला हात कधी हलत नाही हे तिला ठाऊक होतं. म्हणजे एकदा हलला असेल, तर तो असल्याच कुठल्या तरी कारणाने.

मिल्ट वॅगन कारखान्यात लेथवर टर्नर होता. त्या धंद्यात ज्याची त्याची पेटी असते आणि ती ज्याची त्यानेच उघडायची. "दुसऱ्याच्या पेटीत हात म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात," हे तिथलं पहिलं शिक्षण. माणूस जेवायला गेला असेल आणि पेटी सताड उघडी असेल, तरी शेजारचा त्यातली साधी पट्टीसुद्धा उचलणार नाही; येईपर्यंत थांबेल. एकाने थांबायचं मनावर घेतलं नव्हतं, तर त्याचे पुढचे दोन दात गेले, आणि फोरमन म्हणाला की दोनच गेले हे त्याचं नशीब. घरीसुद्धा तोच कायदा. व्हर्नाला पेचकस हवा असला तर ती मागायची आणि तो काढून द्यायचा. पेटी उघडण्याआधी त्याचा अंगठा बगळ्याच्या गुडघ्यावरून फिरे. एकदा पेटी ट्रकच्या फळीवरून घसरली होती, तेव्हा तिथे आडवी चीर गेली होती. अंगठ्याने चीर चाचपायची, मग कडी उघडायची. चाळीस वर्षांची ती सवय.

पुढे मिल्ट विसरायला लागला. आधी किल्ल्या गेल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग घराकडे वळायचा रस्ता. एके दिवशी सकाळी कॉफी ओतत असलेल्या व्हर्नाकडे बघून तो अगदी अदबीने म्हणाला, "बाई, तुम्ही फार चांगल्या आहात. पण माझी बायको येईल आता." त्यानंतर काही महिन्यांनी त्याला टेकडीवरच्या, काउंटीच्या वृद्धांच्या होममध्ये ठेवावं लागलं. आपलंच माणूस तिथल्या फाटकातून आत सोडून परत गाडी चालवत यायचं, हे ज्याचं त्यालाच कळतं.

होममध्ये मिल्टचे हात कुणाला आवरेनात. पांघरुणाची शिवण उसवायची, पलंगाच्या कठड्याचा बोल्ट बोटांनी ढिला करायचा. एकदा जेवणाच्या चमच्याने त्याने भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाची पट्टी काढली होती आणि स्क्रू ओळीने उशीवर मांडून ठेवले होते. तिथली शेरिस नावाची मदतनीस, सगळ्याच बायकांना मिस म्हणणारी, हे सांगताना हसली, पण लगेच गंभीर झाली.

"मिस व्हर्ना, डॉक्टर गोळ्या सुरू करायच्या म्हणतायत. त्या घेतल्या की माणूस दिवसभर नुसता लोळागोळा. नाहीतर हातात ते गादीसारखे मोजे घालायचे. मला दोन्ही नकोत. त्यांचं स्वतःचं काहीतरी आणा ना हाताला. परवा मला विचारत होते, माझी पेटी कुठाय म्हणून. किती दिवसांनी बोलले, ते एवढंच बोलले."

व्हर्ना त्याच क्षणी उठली असती, पण होमच्या मोठ्या बाई आडव्या आल्या. पेटी आणा, म्हणाल्या, चार बिनधारेची हत्यारंही आणा, पण रंगाचे पोपडे सुटलेली वस्तू आत येणार नाही. जुना रंग विषारी असतो आणि इथली माणसं काहीही तोंडात घालतात. गुळगुळीत रंगवून आणा.

खोटं नव्हतं त्यांचं. गॅरेजच्या ओलीने पेटीला गंज धरला होता, कडांचे पोपडे निघत होते. रंगवायची म्हणजे रंगवायची. पण बगळ्याला धक्का लागता कामा नव्हता. माणसं विसरलेला मिल्ट पेटी ओळखणार असेल, तर त्या वाकड्या, चिरल्या गुडघ्याच्या बगळ्यावरूनच.

गुरुवारी चर्चच्या तळघरात पिरोगी भरायला बायका जमतात. शुक्रवारच्या विक्रीसाठी बटाट्याचं सारण, पिठाच्या गोल चकत्या, आणि कडा दाबायला जुन्या हातांची रांग. व्हर्नाच्या शेजारची खुर्ची ओपल डनफीची. दोघी छापखात्यातही शेजारीच बसायच्या.

"नुसती पुसून दे की नेऊन," ओपल म्हणाली.

"पोपडे सुटलेत. ती बाई आत घेणार नाही."

"मग अख्खी रंगवून टाक."

"आणि बगळा?"

ओपलने पिरोगीची कड दाबली. "बगळा राखून पेटी रंगवणं म्हणजे झोपलेल्या नवऱ्याला न उठवता त्याच्या अंगाखालची चादर बदलणं."

"तू कधी बदललीस?"

"माझा उठूनच गेला. चादर राहिली माझ्याकडे."

पलीकडच्या बायका खिदळल्या. व्हर्नाही हसली, पण जरा बेतानेच. ओपलचा नवरा कसा गेला ते तिला माहीत होतं. ग्रेबिलच्या मोठ्या संपात घरात खायला उरलं नाही, तेव्हा तो दूरच्या शहरात काम शोधायला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला.

"तसं काय, दुरुस्तीच्या टेबलावर आपण असल्या कितीतरी काढल्या," व्हर्ना म्हणाली. "आधी बगळा धुऊन काढायचा. कडेने व्हॅसलिनचं बोट फिरवायचं. चिकटपट्टी जवळ आणायची नाही. ब्रश बगळ्याकडून बाहेर ओढायचा, बाहेरून आत नाही."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी काय?"

"बघ, विसरलीस. तूच पोरींना शिकवायचीस. आधी कोपऱ्याला विचार."

हा छापखात्यातला मंत्र होता. दुरुस्तीला आलेली पेटी कुठून कुठून फिरून आलेली असते, कुणी तिला काय फासलंय कळत नाही. म्हणून पाणी लावायचं ते आधी छापेच्या एका कोपऱ्याला, कापसाच्या टोकाने, तिळाएवढं. कोपरा टिकला तर पुढे जायचं.

"परक्या छापेला विचारायचं गं," व्हर्ना म्हणाली. "माझ्याच हातचा बगळा, माझंच वार्निश, माझ्याच डोळ्यांदेखत भट्टीत गेलेला. त्याला काय विचारायचं?"

"हो बाई. तुझा तो प्रेमातला बगळा," ओपल म्हणाली, आणि पिठाच्या हाताने तिला कोपरखळी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्नाने गॅरेजचं दार वर ढकललं, टेबलावर जुनी चादर अंथरली आणि पेटी आणून ठेवली. कडी उघडण्याआधी ती थबकली. इतक्या वर्षांत तिने ती स्वतःच्या हाताने कधी उघडली नव्हती. "मिल्ट, घेते रे," असं ती रिकाम्या गॅरेजला म्हणाली आणि एकेक खण बाहेर काढला. हिरव्या मखमलीवर प्रत्येक हत्याराचा खळगा पडला होता. वास तेलाचा, आणि जरासा त्याच्या खिशातल्या पेपरमिंटचा.

दाराशी उन्हाचा पट्टा आला होता. बगळ्यावर वर्षानुवर्षांचं तेल आणि काजळी बसली होती. सोनं शेणकट दिसत होतं. दुरुस्तीच्या टेबलावर अशा बगळ्याला कोमट पाण्याची घडी घालत. भांडी धुवायच्या साबणाचा एक थेंब, मऊ फडकं चांगलं भिजवून छापेवर पसरायचं आणि मळाला सुटायला वेळ द्यायचा. खरवडलं की गेलं. पण भिजवलेल्याला काही होत नाही, वरून भाजलेल्या वार्निशची काच असते.

तिने घडी घातली. वाट बघत उभी राहिली तेवढ्यात घरातला फोन वाजला. शेरिस होती. मिल्टने शेजारच्या म्हाताऱ्याच्या चाकांच्या खुर्चीचा नट काढला होता, म्हातारा पडता पडता वाचला, डॉक्टर चिडलेत, गोळ्यांचं आजच ठरवणार म्हणतायत.

"त्यांना म्हणावं, सोमवारपर्यंत थांबा," व्हर्ना म्हणाली. "पेटी घेतली मी कामाला. फक्त सोमवारपर्यंत. शेरिस, एवढं कर गं बाई माझ्यासाठी."

"भांडते मी त्यांच्याशी. पण आणाच हां, मिस व्हर्ना."

बोलणं लांबलं. ती परत आली तेव्हा ऊन पेटीवरून सरकलं होतं. तिने फडक्याचं टोक धरून अलगद उचललं, आणि बगळा फडक्याबरोबर वर आला.

अख्खा आला असता तर परत सरकवून बसवता आला असता; तेवढा हात तिच्याकडे होता. पण पन्नास वर्षांचा तो कागदाहून पातळ जीव. तिने श्वास रोखून फडकं खाली टेकवायला घेतलं तोवर मानेपाशी फाटला, मग पंख दुमडला, आणि बघता बघता दुधावरची साय मोडावी तसे त्याचे तुकडे झाले. पत्र्यावर राहिली ती चोच आणि एका पायाचा काडीएवढा तुकडा. बोट लावलं तर तोही बोटावर आला. सोन्याची पूड.

"नाही, नाही, नाही," व्हर्ना पुटपुटत राहिली. मग फडकं तसंच हातात धरून ती स्टुलावर बसली.

पहिला विचार मिल्टचा आला, आणि दुसरा त्याच्या पाठोपाठ, तिला नको असताना. हे झालं कसं? तिने नखाने बगळ्याच्या जागेची कड खरवडली. वार्निशची कड नखाला लागते. डोळे मिटूनही तिला ती कळली असती. इथे काही लागेना. उघडा रंग होता, त्यावर उघडी छाप चिकटवलेली. भट्टी या बगळ्याने पाहिलीच नव्हती.

ग्रेबिलमधून वार्निशविना बगळे एकदाच बाहेर पडले होते.

मिल्टशी लग्न व्हायच्या आदल्या पानगळीत संप सुरू झाला आणि बर्फ पडलं तरी मिटला नाही. व्हर्ना गेटबाहेर, तिचे वडील गेटबाहेर, ओपल कडेवर पोर घेऊन गेटबाहेर. पिंपात लाकडं पेटवून त्याभोवती उभं राहायचं, आणि चर्चमधून आलेलं कोबीचं सूप आळीपाळीने प्यायचं. आत मालकांनी कचेरीतले कारकून आणि साहेब लोक कामाला बसवले होते. त्यांनी रंगवलेल्या पेट्या मागच्या दाराने ट्रकमध्ये भरून जात. संप मिटल्यावर त्यातल्या ढीगभर पेट्या परत आल्या, पावसाचं पाणी लागलं की बगळे गळून पडतायत म्हणून. साहेबांना भट्टी लावता आली नव्हती. "साहेबांचे बगळे उडाले!" म्हणत छापखातं पोट धरधरून हसलं होतं. बगळे लागलेही होते सगळे तिरपे.

आणि साऱ्या गावाने चर्चमध्ये उभं राहून शब्द दिला होता की संप मिटेपर्यंत ग्रेबिलची पेटी कुणी विकत घेणार नाही. त्या रांगेत मिल्ट तिच्या शेजारी उभा होता. त्याचा उंच आवाज तिला अजून आठवत होता.

त्याच हिवाळ्यात तो वॅगन कारखान्यात लागला. तेव्हा पेटी काकांची उसनी वापरतो म्हणाला होता. वसंतात, संप मिटल्यावर, ही दाखवली. तुझ्या हातची आहे, म्हणाला. वाकडी आहे, म्हणाला. का वाकडी ते सांगू का, म्हणाला.

संसार एवढा मोठा झाला. एक मूल जन्मल्याबरोबर गेलं, कारखाना बंद झाला, घर गहाण पडलं आणि सुटलं. त्या सगळ्यात मन खाली आलं की व्हर्ना गॅरेजमध्ये काहीतरी आणायच्या निमित्ताने जायची आणि तो तिरका बगळा बघून यायची. माझा हात हलला होता एकदा, एवढं एक तिचं स्वतःचं होतं. ते कुणा कारकुनाचं निघालं. आणि विचारायला जावं तर विचारणार कुणाला? तो टेकडीवर बसून स्क्रू मांडतोय.

संध्याकाळी ओपल आली, सोबत बिस्किटांचा जुना डबा घेऊन. फोनवर व्हर्ना एवढंच म्हणाली होती की बगळा गेला. डब्यात पिवळ्या पडलेल्या कागदावरचे कोरे बगळे होते. कारखाना बंद झाला त्या दिवशी छापखात्यातल्या सगळ्या जणींनी मूठ मूठ भरून आणले होते. बाकीच्यांचे मुलांनी खिडक्यांना चिकटवून संपवले, ओपलचे राहिले.

ओपल पेटीवर वाकली. तिचं नख सवयीने कडेकडे गेलं. व्हर्नाने पटकन फडकं त्या जागेवर टाकलं.

"असा कसा सुटला गं? वार्निश असताना?"

"मीच फार भिजवला. फोनवर बसले."

"भिजवून काय होतंय? आपले बगळे तर नदीत बुडवले तरी..."

"सांगितलं ना, माझी चूक. सोडा टाकलेला पाण्यात."

असली चूक छापखात्यातली पहिल्या दिवसाची पोरही करणार नाही. ओपलने तिच्याकडे बघितलं. मग डबा पुढे सरकवला.

"सोडा," ती म्हणाली. "बरं. घे, पहिले दोन-तीन मोडतील, कागद जुना आहे. कॉफी करते मी."

बगळा गेला तशी पेटी मोकळीच होती आता. राखायचं काही उरलं नव्हतं. व्हर्नाने गंज घासून काढला, पत्रा रॉकेलने पुसला, रंगाच्या दुकानातून जुळवून आणलेला हिरवा रंग दोन हात दिला. रविवारी तो वाळला आणि ओपल पुन्हा आली, तेव्हा कागद सुटावा म्हणून बगळा पाण्यात सोडला. पहिला मोडला, दुसरा मोडला. तिसरा कागदावरून पत्र्यावर सरकला. रबरी पट्टीखालून पाणी निघालं, आणि तिचा हात, इतक्या वर्षांनी, पहिल्यासारखाच चालला.

"जरा डावीकडे कलव," ओपल मागून म्हणाली. "आणि गुडघ्यावर सुईनं एक रेघ ओढ. मिल्ट तिथंच चाचपायचा ना?"

हे व्हर्नाच्या मनात आलं नव्हतं असं नाही. सुई टेबलावर आणून ठेवलीच होती तिने. पण त्या क्षणी तिच्या आत काहीतरी ताठ झालं. दुसऱ्या कुणाच्या तरी हाताचा वाकडेपणा आता मी माझ्या हाताने काढायचा? पन्नास वर्षं मी त्याचं कौतुक केलं तेवढं पुरे नाही झालं?

"नाही," ती म्हणाली. "माझा बगळा सरळ असतो."

"व्हर्ना, हे तुझ्यासाठी नाहीये."

"रंग तोच, बगळा तोच, हत्यारं त्याचीच. ओळखेल."

तिने बगळा ओळंब्यात धरल्यासारखा सरळ बसवला, वाळवला आणि वरून वार्निशचा हात दिला. ग्रेबिलच्या चांगल्या दिवसांतही अशी पेटी बाहेर पडली नसेल. सुई तशीच राहिली.

सोमवारी शेरिसने दारातच पेटी हातात घेतली. "अगं बाई, काय सुंदर! मिस्टर मिल्ट, बघा तरी कोण आलंय!"

मिल्ट खिडकीशी बसला होता, शर्टाचं बटण पिळत. शेरिसने पेटी समोरच्या टेबलावर ठेवली, आणि त्याचे हात थांबले. व्हर्नाने ते पाहिलं. पाठ सरळ झाली, खांदे वर आले. कामावर निघालेला मिल्ट क्षणभर त्या खुर्चीत येऊन बसला. हात पुढे आला. अंगठा बगळ्याच्या गुडघ्यावर गेला.

फिरला. परत फिरला. थोडा वर, थोडा खाली. गुळगुळीत वार्निशवरून अंगठा शोधत राहिला, मग तापल्या तव्याला लागल्यासारखा त्याने हात मागे घेतला.

"कुणाची आहे ही?"

"तुझीच, मिल्ट."

"नाही. चांगली आहे. नवी आहे." त्याने आजूबाजूला पाहिलं. "माणूस जेवायला गेला असेल."

"अरे, तुझीच. हे बघ, तुझा मायक्रोमीटर." व्हर्नाने वरचा खण ओढला. मिल्टचा चेहरा भीतीने पांढरा पडला. त्याने तिचं मनगट बाजूला केलं, खण आत ढकलला आणि कडी लावली.

"हात नका लावू, बाई. दुसऱ्याच्या पेटीत हात म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात. तो आला तर काय म्हणेल?"

शेरिस दुसऱ्या खोलीतल्या घंटीला गेली होती. व्हर्ना त्याच्यासमोर बसली. तिने विचारलं, "मग तुमची कुठाय?"

"घरी. बायकोकडे." त्याने मान हलवली. "माझ्या पेटीवरचा वाकडा आहे. लंगडा."

"वाकडा का?"

तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला, ओठांच्या एका कोपऱ्यात, पाहुण्यांसमोर हसायचा तसा. मग वाकून तिच्या कानाशी आला. पेपरमिंटचा वास नव्हता, साबणाचा होता.

"संपातली आहे. मागच्या दारानं घेतली." थांबला. शब्द एकेक उचलून आणत होता. "वॅगनवाले म्हणाले, पेटी नसेल तर येऊ नकोस. लग्न ठरलेलं. ती गेटवर उभी... थंडीत. तिला काय सांगणार?"

व्हर्नाने खुर्ची थोडी जवळ ओढली.

"तोंडातून निघून गेलं, तुझा हात हलला म्हणून. तर तिला एवढं आवडलं." त्याने तळहात उघडा करून दाखवला, जणू त्यात काही होतं. "मग परत कसं घेणार?"

"तिने ओळखलं असेल," व्हर्ना म्हणाली.

"छे! व्हर्न? तिचा फार विश्वास." आणि त्याने तिच्या हातावर हात ठेवला, परक्या बाईच्या हातावर ठेवतात तसा, हलका, माफी मागून. "तिला सांगू नका हां, बाई."

"नाही सांगत," व्हर्ना म्हणाली.

तो समाधानाने मागे टेकला. दोन्ही हात मांडीवर घेतले, एकात एक गुंफले आणि पेटीवर नजर ठेवून बसला. माणूस येईपर्यंत थांबायचं असतं. बटण पिळलं नाही, शिवण उसवली नाही. शेरिस परत आली तेव्हा दारातच थबकली.

"देवा रे! बघा, मिस व्हर्ना, बघा. किती शांत झालेत! डॉक्टरांना आणून दाखवते मी. तुमच्या पेटीनं जादू केली."

व्हर्नाने मान डोलावली. पर्समध्ये रुमाल शोधताना तिच्या बोटाला सुई टोचली. गॅरेजमधून निघताना, का कोण जाणे, तिने ती घेतली होती. तिने पेटीकडे पाहिलं. आता रेघ ओढायची म्हटलं तरी त्याच्या देखत त्या पेटीला हात लावता येणार नव्हता. आणि तो पेटीवरची नजर काढत नव्हता.

गोळ्या टळल्या. मोजेही टळले. व्हर्ना रोज दुपारी टेकडीवर जाते आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसते. पेटी समोर असते, बंद. कधीतरी मिल्ट हळूच विचारतो, "आला का हो तो माणूस?"

"अजून नाही आला," व्हर्ना म्हणते.